वेझले: टेकडीवरच्या फ्रेंच गावाला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून फोन येतात. "आयफेल टॉवर, लूव्र वगैरे होईल गं, पण एखादं खरंखुरं फ्रेंच खेडं सांग ना." मी वेझले सांगते. मग ठरलेले प्रश्न येतात, ठरलेल्या क्रमाने. शेवटी एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली.

हे आहे कुठे, आणि नाव म्हणायचं कसं?

पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे २२० किलोमीटरवर, बुर्गोन्य प्रांतातल्या योन जिल्ह्यात. क्यूर नावाची छोटी नदी आहे, तिच्या खोऱ्यातून एक लांबट टेकडी वर येते. टेकडीच्या पाठीवर एकच मुख्य रस्ता, दोन्ही अंगांना दगडी घरं, आणि अगदी माथ्यावर मारी मादलेनचं, म्हणजे बायबलातल्या मेरी मॅग्डलीनचं, भलंमोठं चर्च. गावात पाचशे माणसंही राहत नाहीत. चर्च मात्र एखाद्या राजधानीत शोभावं असं.

उच्चार "वेझले". Vézelay हे स्पेलिंग बघून "वेझलाय" म्हणू नका, तिकीट खिडकीवर तीनदा सांगावं लागेल.

एवढ्याशा गावात बघायचं काय?

चर्च, गल्ल्या, तटबंदी, एक छोटं पण नामी संग्रहालय आणि मागच्या अंगणातून दिसणारं मोर्वाँचं जंगल. यादी एवढीच. चेकलिस्ट घेऊन फिरणाऱ्याला दोन तासांत संपेल. म्हणूनच पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

पॅरिसहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

येईल. पण करू नका.

टूरच्या बस साधारण दहा-साडेदहाला खाली लागतात. अकरा ते पाच मुख्य रस्त्यावर आइस्क्रीमवाले, सेल्फीवाले आणि गाइडच्या छत्रीमागे चालणारे घोळके. हे सगळं सहाच्या आत ओसरतं आणि मग गाव परत गावासारखं होतं. खिडक्यांच्या झडपा उघडतात, एखादी आजी कुंड्यांना पाणी घालते, मांजरं रस्त्याच्या मधोमध येऊन बसतात. पहाटेही तसंच. क्यूरच्या खोऱ्यात धुकं साठलेलं असतं आणि टेकडी त्यातून बेटासारखी वर आलेली. एक रात्र राहिलात तर ही संध्याकाळ आणि ही सकाळ दोन्ही मिळतात. दिवसभराच्या सहलीत तुमच्या वाट्याला येते ती फक्त दुपार, आणि दुपार हा वेझलेचा सगळ्यात सामान्य वेळ.

गाडीशिवाय कसं पोचायचं?

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून (गार द लियों या मोठ्या स्टेशनच्या शेजारचं, तिथून चालत जाता येतं) आव्हालोंच्या दिशेने जाणारी प्रादेशिक गाडी धरायची आणि सेर्मिझेल-वेझले या स्टेशनवर उतरायचं. साधारण अडीच तास. नावात वेझले असलं तरी स्टेशन गावापासून दहा किलोमीटर लांब आहे. गाड्या दिवसातून मोजक्याच. स्टेशनवरून बस मिळेलच असं धरून चालू नका. टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून ठरवा, आणि परतीचीही त्याच वेळी ठरवून टाका.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. पहिल्या खेपेला आम्ही रविवारी उतरलो. फलाटावर आमच्याखेरीज एक माणूस उतरला, त्याला त्याची बायको घ्यायला आली होती. ती गाडी गेली आणि मग तिथे होतो आम्ही दोघं, एक बंद खिडकी आणि चिमण्या. तीन ठिकाणी फोन लावले, तिन्हीकडे रविवार. शेवटी पाठीवर सॅक टाकून चालत निघालो. दोन-अडीच तास लागले. आस्कँ गावाच्या अलीकडे एका वळणावर शेतापलीकडे अचानक टेकडी आणि तिच्यावरचा बुरूज दिसला, तेव्हा नवऱ्याने सॅक खाली ठेवली आणि पहिल्यांदा तक्रार थांबवली. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी यात्रेकरूंना हे गाव असंच दिसलं असणार, पाय दुखत असताना. तरीही तुम्ही टॅक्सीच ठरवा.

भाड्याची गाडी घेतली तर?

सगळ्यात सोयीचं तेच, विशेषतः चौघं असाल तर. ए-६ मोटरवेने नित्री किंवा आव्हालोंपर्यंत यायचं, पुढे गावरस्ते. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून आणा. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच तसं बुक करा, इथे गिअरच्या गाड्या पुष्कळ. आणि एक नियम डोक्यात पक्का ठेवा: जिथे दुसरी काही खूण नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. गावांमध्ये आपली माणसं इथेच फसतात.

गाडी पायथ्याशी, शाँ-द-फुआर या चौकाजवळच्या पार्किंगमध्ये लावायची. पैसे पडतात. वर नेण्याच्या फंदात पडू नका. सामान जास्त असेल तर हॉटेलवाल्याला आधी विचारा, सामान उतरवण्यापुरतं वर येता येईल का ते तोच सांगेल.

चढ किती आहे? आईबाबांना झेपेल?

पार्किंगपासून चर्चपर्यंत रमतगमत पंधरा मिनिटं. पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्याला हा चढ काहीच नाही, कारण पायऱ्या नाहीत, सलग चढता रस्ता आहे. त्रास देतो तो दगड. काही ठिकाणी फरशी उंचसखल आहे आणि पावसात निसरडी होते. चपला, सपाट तळव्याचे बूट नकोत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माझ्या सासूबाई काठी घेऊन चढल्या, वाटेत तीनदा बसल्या, त्यातल्या दोनदा पेस्ट्रीच्या दुकानापाशी. चढताना सँतेत्येन रस्ता, मग सँ-प्येर रस्ता, असं सरळ वर जायचं; चुकायला जागाच नाही.

चर्चमध्ये तिकीट असतं का?

नाही. आत जायला पैसे लागत नाहीत.

आत गेल्यावर नेमकं काय बघू? सगळी चर्च सारखीच दिसतात.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण वेझलेपुरतं त्याचं उत्तर देता येतं.

बाहेरच्या दर्शनी भिंतीवर फार वेळ घालवू नका. दारावरचं ते कोरीव काम एकोणिसाव्या शतकातलं आहे, मूळचं फ्रेंच राज्यक्रांतीत फोडलं गेलं. आत शिरलात की आधी एक अंधारा मोठा दालनवजा भाग लागतो. आपल्याकडच्या देवळातला सभामंडप समजा, फक्त बंदिस्त. लोक इथून भराभरा पुढे जातात. तुम्ही थांबा. मान वर करा. मधल्या दारावरच्या अर्धगोलात बाराव्या शतकात कोरलेला ख्रिस्त आहे, त्याच्या बोटांतून किरण निघून शिष्यांवर पडताहेत: जा, जगभर जाऊन सांगा. आता हे "जग" कसं दाखवायचं? तर शिल्पकाराने ख्रिस्ताच्या भोवती आणि पायाखालच्या पट्टीवर त्याला ऐकून माहीत असलेली सगळी माणसं बसवली. कुत्र्याच्या तोंडाची माणसं आहेत. घोड्यावर चढायला शिडी लावणारी बुटकी माणसं आहेत. आणि पट्टीच्या उजव्या टोकाला एक कुटुंब आहे ज्यांचे कान शिंपल्यासारखे उघडलेले, अंगापेक्षा मोठे.

हे कान बघितले तेव्हा मी तिथेच हसले. महाभारताच्या सभापर्वात सहदेव दक्षिण दिग्विजयाला निघतो, तेव्हा तो ज्या लोकांना जिंकतो त्यांत "कर्णप्रावरण" आहेत, म्हणजे स्वतःचे कान पांघरणारे. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारात आलेला ग्रीक राजदूत मेगास्थनीस याने भारताविषयी जे लिहिलं, त्यातही कानात झोपणारी माणसं आहेत. कुत्र्याच्या तोंडाची माणसंही ग्रीक लेखक भारतातच बसवत. पुढे रोमन लेखक प्लिनीने अशा गोष्टी गोळा केल्या, मठातल्या साधूंनी त्या शतकानुशतकं वाचल्या, आणि दगडावर छिन्नी चालवणाऱ्याच्या हाताशी त्या अशा येऊन पोचल्या. कुठल्याही गाइडची छत्री इथे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबत नाही. तुम्ही दहा मिनिटं द्या.

मग दारातून मुख्य भागात. अंधारातून एकदम उजेडात आल्यासारखं होतं. कमानी पांढऱ्या आणि तपकिरी दगडांच्या आलटून पालटून रचलेल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. टोकाशी गाभाऱ्याकडचा भाग वेगळाच पांढराफटक दिसेल. तो नंतरचा, बाराव्या शतकाच्या शेवटचा, गॉथिक म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीतला. आणि खांबांच्या माथ्यावर शंभराच्या आसपास कोरीव शिल्पं आहेत. साध्या डोळ्यांनी ती नीट दिसत नाहीत. घरातली पक्षी बघायची दुर्बीण आणा. खरंच. मी आता तिच्याशिवाय जात नाही.

त्यातलं एकच शोधायचं असेल तर उजव्या बाजूच्या ओळीतलं "जातं" शोधा. एक माणूस वरून धान्य ओततोय, दुसरा खाली वाकून पोत्यात पीठ धरतोय, मध्ये चाकाचं जातं. वर ओतणारा मोझेस, खाली धरणारा सेंट पॉल: जुना धर्म दळून त्यातून नवं पीठ, असा अर्थ लावतात. अर्थ बाजूला ठेवला तरी पीठ धरणाऱ्याच्या पाठीचा बाक बघा. गिरणीत रांगेत उभं राहून डबा धरलेल्या कुणालाही तो कळेल.

हे सगळं कुणी आणि कधी बांधलं?

नवव्या शतकाच्या मध्यावर जिरार द रूसियों या सरदाराने खाली नदीकाठी, आजच्या सँ-पेरमध्ये, मठ स्थापला. उत्तरेकडच्या वायकिंग लुटारूंनी तो उद्ध्वस्त केल्यावर मठ टेकडीवर आला. अकराव्या शतकात मारी मादलेनचे अवशेष इथे असल्याची ख्याती पसरली आणि लोंढे सुरू झाले. ११२० मध्ये, संतिणीच्या सणाच्या आदल्या रात्री, चर्चला आग लागून हजारावर यात्रेकरू मेले असं जुन्या बखरी सांगतात. आज दिसतो तो मुख्य भाग त्या आगीनंतरचा. ११४६ च्या ईस्टरला सेंट बर्नार्ड या मठाधिपतीने याच टेकडीच्या उतारावर दुसऱ्या धर्मयुद्धाची, म्हणजे क्रुसेडची, हाक दिली. माणसं इतकी होती की चर्चमध्ये मावेनात. ११९० मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा फिलिप तिसऱ्या धर्मयुद्धासाठी इथेच एकत्र आले.

नंतर उतरती कळा. १८३४ मध्ये पुरातन वास्तूंचे सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे इथे आले तेव्हा इमारत कोसळायच्या बेतात होती. १८४० मध्ये दुरुस्तीचं काम सोपवलं गेलं ते व्हिओले-ल-द्यूक या सव्वीस वर्षांच्या तरुणाकडे. पुढे पॅरिसच्या नोत्र-दामवर काम करणारा तो हाच. १९७९ मध्ये चर्च आणि टेकडी युनेस्कोच्या यादीत गेली, फ्रान्सच्या अगदी पहिल्या तुकडीत.

ते अवशेष खरे आहेत का?

तळघरात उतरलात की जाळीमागे ठेवलेले दिसतील. श्रद्धेचा भाग तुमचा तुम्ही ठरवा. इतिहास असा की १२७९ मध्ये दक्षिणेत प्रोव्हाँसमधल्या सँ-माक्सिमँ गावाने "खऱ्या मादलेनचे अवशेष आमच्याकडे सापडले" असं जाहीर केलं, पोपनेही त्यांची बाजू घेतली, आणि वेझलेची जत्रा बसली. दुकानं, धर्मशाळा, सराफ, सगळ्यांचंच. एका गावाचं भाग्य दुसऱ्या गावातल्या हाडांवर फिरलं. विचित्र वाटतं, पण गाव पुढे वाढलं नाही, पाडून नवं बांधायला पैसाच राहिला नाही, म्हणून ते आज असं शिल्लक आहे.

२१ जूनला काहीतरी "उजेडाचा चमत्कार" होतो म्हणे?

चमत्कार नाही, भूमिती. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास, सूर्य डोक्यावर येतो तेव्हा दक्षिणेकडच्या वरच्या खिडक्यांतून येणारे कवडसे बरोबर मधल्या वाटेवर ओळीने पडतात, दारापासून गाभाऱ्यापर्यंत पावलं टाकावीत तसे. १९७६ मध्ये इथल्याच एका फ्रान्सिस्कन पाद्र्याच्या हे लक्षात आलं. घड्याळात तेव्हा बारा नसतात. उन्हाळी वेळेमुळे दुपारचे पावणेदोन होतात. हे न कळल्यामुळे बाराला येऊन पावणेएकला निघून जाणारी मंडळी मी बघितली आहेत. २१ तारीखच हवी असं नाही, आधी-नंतरचे दोन-चार दिवसही चालतात आणि गर्दी कमी असते. ढग असतील तर मात्र काही नाही.

हिवाळ्यात डिसेंबरच्या त्या दिवसांत हेच कवडसे उत्तरेच्या खांबांच्या माथ्यांवर चढलेले असतात. ते बघायला जवळजवळ कुणीच नसतं.

बाजूच्या भिंतींना मोठमोठे लाकडी क्रूस का टेकवलेत?

१९४६ चा जुलै. महायुद्ध संपून वर्षच झालेलं. वेझलेला शांततेसाठी यात्रा ठरली. वेगवेगळ्या दिशांहून माणसं जड लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन पायी आली. असे चौदा क्रूस. तेव्हा जवळच जर्मन युद्धकैद्यांची छावणी होती. त्यांनी विचारलं, आम्हीही येऊ का? त्यांनी बाँबने पडलेल्या घराच्या तुळयांचा पंधरावा क्रूस जोडला आणि तो घेऊन चढले. ज्या टेकडीवरून एकेकाळी धर्मयुद्धाची हाक गेली, तिच्यावर. क्रूसांपाशी फार लिहिलेलं नाही, त्यामुळे बहुतेक लोक फर्निचर समजून पुढे जातात.

आम्ही ख्रिस्ती नाही. चालतं ना? कपडे कसे?

कुणी विचारत नाही. बूट काढायचे नसतात. टोपी काढा, खांदे झाकलेले बरे, मोबाइल गप्प. १९९३ पासून इथे जेरुसलेम मठसमुदायाचे पांढऱ्या पायघोळ वेशातले स्त्री-पुरुष राहतात आणि दिवसाच्या प्रार्थना एकत्र, चार सुरांत गातात. वेळा दाराशी लावलेल्या असतात. संध्याकाळच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसा. भाषा कळली नाही तरी घुमणारा आवाज कळतो. त्या वेळात फोटो नकोत, फिरणंही नको.

भारताशी या गावाचा काही संबंध आहे असं ऐकलं.

कानवाले सांगून झाले. दुसरा संबंध जवळचा आहे. नोबेल मिळवलेले लेखक रोमाँ रोलाँ, ज्यांनी रामकृष्ण, विवेकानंद आणि गांधींची चरित्रं लिहून हे तिघे युरोपातल्या घराघरांत नेले, ते १९३८ मध्ये वेझलेला राहायला आले. त्यांचं जन्मगाव क्लामसी इथून जवळच. त्याआधी ते स्वित्झर्लंडमध्ये राहत, आणि गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी त्यांना भेटायला तिथे गेले होते. जर्मनांनी देश व्यापल्याची सगळी वर्षं रोलाँ या टेकडीवरच होते. ३० डिसेंबर १९४४ ला इथेच गेले.

त्यांचं घर सँतेत्येन रस्त्यावर आहे, चढताना लागतं. आता तिथे झेर्व्होस संग्रहालय आहे: पॅरिसमधले कलाप्रकाशक क्रिस्त्याँ झेर्व्होस यांनी गावाला दिलेला संग्रह. पिकासो, कांडिन्स्की, मिरो, लेजे, काल्डर. पाचशे वस्तीच्या गावात! हिवाळ्यात संग्रहालय बंद असतं, वर्षभर उघडं आहे असं समजून जाऊ नका.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण सावध राहा. बुर्गोन्य म्हणजे वाइनमध्ये शिजवलेलं बीफ आणि लसणी-लोण्यातल्या गोगलगायी. मेन्यूत "अंडी" दिसली म्हणून खूश होऊ नका: इथली रेड वाइनमधली अंडी डुकराच्या मांसाच्या बारीक तुकड्यांसकट येतात. ते तुकडे, "लार्दों", सॅलडवर, टार्टमध्ये, कुठेही सापडतात. सूपचं पाणीही मांसाचं असू शकतं. हे वाक्य पाठ करा: "झ न मांझ नी व्याँद, नी पुआसों." मी मांस खात नाही, मासेही नाही. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं की काही जण मासे आणतात.

खायला काय मिळेल? गुझेर, म्हणजे चीज घातलेले फुगीर गोळे (अंडं असतं). बकरीच्या दुधाचं चीज घातलेलं सॅलड. ऑम्लेट. उत्तम पाव आणि चीज. चीजमधल्या रेनेटबद्दल (दूध फाटवायला घालतात ते वासराच्या जठरातलं द्रव्य) कडक असाल तर इथली बहुतेक पारंपरिक चीज तुम्हाला चालणार नाहीत. जैन कुटुंबांनी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं आणि डाळ-तांदूळ पॅरिसहून आणावेत, त्यात लाज कसली. ठेपले, मेतकूट, भडंग बॅगेत असतंच.

जेवणाच्या वेळा ब्रह्मवाक्य समजा: दुपारी बारा ते दोन, रात्री सात ते नऊ. अडीचला पोचलात तर किचन बंद. पाण्यासाठी "उन कराफ दो" म्हणा, नळाचं पाणी जगमध्ये फुकट मिळतं. "वॉटर" म्हटलं तर बाटली आणि बिल येतं.

वाइन?

वेझलेच्या नावाची पांढरी वाइन आहे, शार्दोने द्राक्षांची. २०१७ मध्ये तिला गावाच्या नावाचा स्वतंत्र सरकारी दर्जा मिळाला. द्राक्षमळे टेकडीच्या उतारांवरच दिसतात. मला स्वतःला वाइनमधलं फार कळत नाही, पण चीजबरोबर ती छान लागते एवढं खरं. चालवणाऱ्याने घेऊ नये.

रस्त्यात पितळेचे शिंपले का बसवलेत? आणि हे सॅक-काठीवाले कोण?

स्पेनमधल्या सांतियागो द काँपोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला पायी जाणारे. फ्रान्समधून तिथे जाणाऱ्या चार जुन्या पायवाटांपैकी एक वेझलेहून सुरू होते. नुसत्या स्पेनच्या सीमेपर्यंतच सुमारे ९०० किलोमीटर. शिंपला ही त्या यात्रेची खूण.

"म्हणजे वारीच," असं प्रत्येक मराठी माणूस म्हणतो. मीही म्हणाले होते. आता तितकंसं म्हणवत नाही. वारीत दिंडी असते, पखवाज असतो, एकटं कुणी चालत नाही. इथे बहुतेक जण एकएकटे निघतात, आणि गप्प राहायलाच निघतात. सकाळी सातला चर्चच्या पायरीवर एक साठीच्या बाई बुटाची नाडी तीनदा सोडून तीनदा बांधताना बघितल्या. मग उठल्या, चर्चकडे एकदा वळून बघितलं आणि उतार उतरू लागल्या. निरोप द्यायला कुणी नव्हतं.

मुलं कंटाळतील का?

कानवाली माणसं, कुत्रातोंडे आणि शिडी लावून घोड्यावर चढणारे शोधायला लावा. नंतर तटाच्या कडेने फिरवा. मग आइस्क्रीम. त्यापलीकडे तुमचं नशीब.

आसपास आणखी काय?

गाडी असेल तर बाझोश, दहा-बारा किलोमीटर. गडकोटांचं वेड असेल तर ते चुकवूच नका. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा किल्लेबांधणी करणारा अभियंता व्होबाँ याचा हा वाडा. जन्म १६३३, म्हणजे शिवाजी महाराजांचा समकालीनच. तो याच भागातला. मास्ट्रिख्टच्या वेढ्याबद्दल मिळालेल्या बक्षिसातून त्याने १६७५ मध्ये ही जागा घेतली आणि इथे बसून कितीतरी किल्ल्यांचे आराखडे काढले. आपले किल्ले डोंगराच्या कड्याचा आधार घेतात; याने सपाट जमिनीवर तारेच्या आकाराचे, तोफांना पुरून उरणारे कोट उभे केले. तो बाझोशच्या चर्चमध्ये पुरलेला आहे, हृदय मात्र नेपोलियनने पॅरिसला नेलं.

गाडी नसेल तर सँ-पेरला पायी उतरा, दोन किलोमीटर. तिथलं नाजूक गॉथिक चर्च बघा. उतरताना सोपं, चढताना घाम. किंवा सँत-क्रुआ वेशीतून खाली ला कोर्देलला जा: बर्नार्डने भाषण केलं ती जागा, एक क्रूस आणि फ्रान्सिस्कनांचं छोटंसं दगडी प्रार्थनाघर. गर्दीच्या दिवशीही तिथे शांत असतं.

कधी जावं?

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. २२ जुलैला मादलेनचा सण, तेव्हा गर्दी. ऑगस्टच्या शेवटाकडे संगीत महोत्सव, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. जानेवारीत गाव सुंदर असतं आणि जवळजवळ सगळं बंद असतं.

राहायचं कुठे?

गावात थोडी हॉटेलं, बरीच घरगुती खोल्यांची सोय (पाट्यांवर "शाँब्र दोत" बघा), आणि यात्रेकरूंसाठी साधी धर्मशाळावजा निवासस्थानं. खोली मुख्य रस्त्यावरची घेऊ नका, दरीकडे खिडकी असलेली मागा. बहुतेक ठिकाणी लिफ्ट नसते आणि जिने गोल असतात. मोठ्या बॅगा पॅरिसलाच ठेवा.

फ्रेंच येत नाही.

दुकानात शिरताना आधी "बोंझूर". तेवढं न म्हणता थेट भाव विचारलात तर समोरचा माणूस थंड होतो. इथे तो उद्धटपणा समजतात. बोंझूर म्हटल्यावर मोडकी इंग्रजीसुद्धा प्रेमाने बोलतात.

व्हिसा?

नेहमीचा शेंगेन. फी मोठ्यांना ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. वेझलेच्या बुकिंगची चिठ्ठी अर्जाला जोडा, चालते.

रात्री करायचं काय? सगळं बंद असतं ना?

हो, साडेनऊनंतर सगळं बंद. जूनमध्ये मात्र तेव्हाही उजेड असतो. चर्चच्या मागे जा. जुनी झाडं आहेत, बुटकी दगडी भिंत आहे, पलीकडे दरी. भिंत दिवसभर तापलेली असते, बसलं की उबदार लागते. खाली सँ-पेरचे दिवे एकएक करून लागतात. मागच्या खेपेला आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले, बोंझूरऐवजी "बोंस्वार" म्हणाले, खिशातून चेरी काढून आमच्या पुढ्यात धरल्या, आणि बिया दरीत थुंकायच्या कशा ते न बोलता दाखवलं.